बंदुकीलाही जवारी लावावी लागते!

बंदूक या वस्तूशी आपल्या पांढरपेशा घरांचा संबंध दिवाळीपुरताच. टिकल्यांची डबी, पत्र्याचे पिस्तूल आणि "अरे, डोळे सांभाळ!" ही स्वयंपाकघरातून आलेली हाक, एवढ्यात आपले सारे शस्त्रशास्त्र आटोपते. त्यापलीकडची बंदूक म्हणजे बँकेच्या दारातल्या रखवालदाराची, नाही तर सिनेमातल्या खलनायकाची. तिच्या पोटात काय असते, ती नेमकी कशी लागते, या चौकशीत शहाण्या माणसाने पडू नये, असाच आपला शिरस्ता.

परंतु १ ऑगस्ट २०२४ रोजी हा शिरस्ता मोडला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांनी ब्राँझ पदक मिळवले आणि घरोघरी लोक टेलिव्हिजनपुढे बसून एका बंदुकीकडे डोळे लावून राहिले. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ आणले, त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या गड्याला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळत होते. सगळ्यांची नजर त्या शांत चेहऱ्यावर होती. माझी मात्र, सवयीमुळे म्हणा, बंदुकीच्या नळीवर होती. पस्तीस वर्षे पुण्याच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस मी. गाणाऱ्यापेक्षा तंबोऱ्याकडे पाहणारी काही खोडकर माणसे मैफलीत असतात ना, त्यांतला प्रकार!

या स्पर्धेत ५० मीटरांवरच्या निशाणातले दहा गुणांचे वर्तुळ असते अवघे १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. आणि बंदूक कसली? तर दर वेळी एकच काडतूस हाताने भरायचे, अशी. नियमच तसा आहे. पेटीतून आपोआप पुढे सरकणारी काडतुसे नाहीत, की धडाधड उडणाऱ्या गोळ्या नाहीत. एक काडतूस, एक श्वास, एक चाप.

या एका गोळीच्या बंदुकीची ओळख मला आदल्याच वर्षी झाली होती, आणि तीही भलत्याच ठिकाणी. २०२३ च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात लेकीकडे राहायला गेलो होतो. तिथे शेजारच्या गॅरेजात एका जुन्या बंदुकीला घरच्या घरी नवी नळी बसवण्याचे काम चालले होते. त्या कामाची हकीकत सांगण्याजोगी आहे.

रविवारची जत्रा आणि पोपबुवांची पाटी

आधी थोडा इतिहास. १९ व्या शतकात जर्मन लोक अमेरिकेत वस्तीला गेले, तेव्हा नेमबाजीच्या आपल्या मंडळ्याही ते बरोबर घेऊन गेले. या प्रकाराला 'शुट्झेन' म्हणत. रविवारी सहकुटुंब बागेत जमायचे. मुलांना खाऊ, बायकांना बँडचे संगीत, पुरुषांना बिअर, आणि सगळ्यांच्या करमणुकीला २०० यार्डांवरचे निशाण. उभ्याने, हातावर बंदूक तोलून नेम मारायचा. जिंकेल तो त्या वर्षापुरता 'राजा'. पहिल्या महायुद्धात जर्मन नावाचीच अमेरिकेत चीड उत्पन्न झाली, आणि या जत्रांना उतरती कळा लागली. तथापि हौशी लोकांनी हा नाद सोडला नाही. एकगोळी बंदुकांची त्यांची राष्ट्रीय संघटना १९४८ पासून चालू आहे.

या नादी लोकांचे दैवत म्हणजे हॅरी पोप. जन्म १८६१, मृत्यू १९५०. मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रशास्त्र संस्थेत शिकलेला हा इंजिनियर बंदुकीच्या नळ्यांपायी वेडा झाला. आपली यंत्रे घेऊन तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तिथे दुकान थाटले, आणि लगोलग एप्रिल १९०६ चा तो भयंकर भूकंप झाला. दुकान बेचिराख! पुढे न्यूयॉर्कजवळ जर्सी सिटीत त्याने नव्याने मांडामांड केली आणि म्हातारपणापर्यंत तिथेच नळ्या घडवल्या. त्याच्या काही बंदुका तर दोन्ही बाजूंनी भरायच्या: शिशाची गोळी तोंडाकडून आणि दारूचे काडतूस मागून! हेतू एवढाच, की गोळीच्या बुडाची कड जराही दुखावू नये. त्याच्या दुकानात पाटी होती. तिचा मतलब असा, की काम कधी होईल ते विचारू नका. तारीख हवी असेल तर आपला जिन्नस परत घेऊन जा. आपल्याकडचे शिंपी ही पाटी लावत नाहीत, फक्त पाळतात!

शेजारचे गॅरेज

आमचे शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, विधुर, आणि जन्माने नसले तरी धंद्याने माझे भाऊबंद. तेही टूल अँड डायचे कारागीर. गॅरेजात मोटार बाहेर आणि लेथ आत! १९४० च्या सुमाराचा साउथ बेंड कंपनीचा लेथ, आणि त्याच्यावर आपल्याकडे देवघरातल्या समईवर नसते इतकी चकाकी. तेलाचा वास नाकात गेला आणि मला पुण्याची आठवण आली. पाच मिनिटांत आमचे गोत्र जुळले.

त्यांची बंदूक होती विंचेस्टर कंपनीची १८८५ ची एकगोळी रायफल. युटामधल्या ओग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगने १८७९ साली तिचे पेटंट घेतले आणि विंचेस्टरने ते विकत घेतले. रचना मोठी साधी आणि देखणी. खालचा दांडा ओढला की पोलादाचा एक ठोकळा उभ्या खाचेतून खाली सरकतो, नळीचे मागचे तोंड उघडते. काडतूस सारायचे, दांडा वर, की ठोकळा वर येऊन दार बंद. ही बंदूक त्यांच्या वडिलांची. पॉइंट टू-टूची, म्हणजे साडेपाच मिलिमीटरांच्या आसपास भोक असलेली. परंतु जुन्या काडतुसांच्या टिकलीतले क्षार आत राहून नळी गंजाने पोखरली होती. गोळ्या निशाणाच्या फळीवर लागत होत्या, एवढेच तिच्याबद्दल बरे बोलता येत होते.

आता ती दुरुस्त करायची कोणासाठी? तर तेरा वर्षांच्या नातीसाठी. मुलीने गावच्या नेमबाजी क्लबात नाव घातले होते, आणि पणजोबांच्या बंदुकीनेच मारीन, असा तिचा हट्ट. आजोबांनी मला आपले हात दाखवले. दोन्ही हात बारीक कापत होते.

"नेम आता जमत नाही," ते म्हणाले, "आणि लेथवर शेवटचा काप घ्यायलाही भीती वाटते. तुम्ही घ्याल का?"

यात कायद्याची एक मेख होती. अमेरिकेत पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने, काही ठरावीक अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतूस बाळगता कामा नये. मात्र तिथल्या केंद्रीय कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे तो मधला यंत्राचा सांगाडा. सुटी नळी ही नुसती पोलादाची नळी. स्वतःच्या बंदुकीला स्वतः नळी बसवायला त्या गृहस्थांना मुभा होती, आणि सुट्या नळीवर लेथचे काम करायला मला. आम्ही करार केला: सांगाडा कपाटात कुलपात, किल्ली त्यांच्या खिशात, आणि माझा संबंध फक्त नळीशी.

आटे, खांदा आणि पैलू

नळी विकत मिळते ती आतले पेच कापलेली, बाहेरून अष्टपैलू, परंतु दोन्ही टोकांना कोरी. हे आतले पेच म्हणजे रायफलीचा प्राण. त्यांतून जाताना गोळीला गिरकी मिळते. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तसाच गोळीचा तोल या गिरकीवर टिकतो. पॉइंट टू-टूच्या नळीत साधारणपणे १६ इंचांत एक वेढा असतो. गोळी सेकंदाला ३२० मीटरांनी निघाली असे धरले, तर तिच्या गिरक्या होतात सेकंदाला पावणेआठशेच्या वर! मुलांच्या भोवऱ्याने हेवा करावा अशी गती.

पहिले काम नळी लेथमध्ये सरळ धरण्याचे. नवशिका माणूस बाहेरच्या पैलूंवरून ती धरील. परंतु लांब भोक पाडताना गिरमिट कुठे तरी किंचित भरकटतेच. बाहेरचे रूप आणि आतले भोक यांचा मध्य एक असेलच असे नाही. म्हणून डायल लावायचा तो भोकाला. अर्ध्या थाऊच्या आत, म्हणजे इंचाच्या दोन हजाराव्या भागाच्या आत ते फिरले पाहिजे. यात आमची एक सबंध सकाळ गेली. शेजारीबुवांच्या नातीला वाटले, दोघे म्हातारे झोपले!

मग आटे. सांगाड्यातल्या आट्यांना नळीचे आटे इतके बेताने बसले पाहिजेत की हाताने फिरावेत पण खुळखुळू नयेत. शेवटचा काप मी घेतला. बुवा माझ्या हाताकडे न पाहता कापाच्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. काप संपला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. टूलरूममध्ये याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणी देत नाही.

खरी गंमत पुढेच होती. गोल नळी असती तर आटे आवळले की संपले. ही अष्टपैलू! आटे पूर्ण घट्ट बसतील त्याच क्षणी वरचा पैलू बरोबर वर यायला हवा, नाही तर बंदूक मान वाकडी केल्यासारखी दिसणार आणि माशी तिरकी बसणार. यासाठी आट्यांच्या मुळाशी असलेला खांदा कणाकणाने कापायचा. इंचाला १६ आटे असतील तर खांदा एक थाऊ कापल्याने नळी पावणेसहा अंश पुढे फिरते. जास्त कापला तर परत जोडता येत नाही. शेजारीबुवा नळी घेऊन कपाटाकडे जात, पाठ करून सांगाड्यात फिरवून पाहत आणि आकडा सांगत: "आणखी दीड थाऊ." मी कापीत असे. असे सहा हेलपाटे झाले. सातव्या खेपेला त्यांनी "बस!" म्हटले.

काडतुसाचे घर त्यांनी स्वतः रीमरने केले, लेथ बंद ठेवून, हाताने फिरवून. थोडे फिरवायचे, बाहेर काढायचे, किस पुसायचा, तेल घालायचे, पुन्हा आत. एवढी सावधगिरी कशाला, असे वाटेल. पॉइंट टू-टूचे काडतूस दिसते पेन्सिलीच्या टोकाएवढे. परंतु उडताना त्यातला दाब चौरस इंचाला २४,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. आपल्या मोटारीच्या चाकात असतो तीसबत्तीस पौंड! आणि हा दाब नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर. काडतुसाच्या बुडाशी जागा नेमकी किती राहिली हे मापाच्या गेजांनी तपासतात. आपली तपासणी झाल्यावरही बुवा ती बंदूक गावातल्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. पहिली गोळी तर कोणाच्याच खांद्यावरून उडाली नाही. बंदूक जुन्या टायरला बांधली आणि दोरीने लांबून चाप ओढला. "माझ्या हातावर माझा भरवसा आहे," ते म्हणाले, "पण तिचे डोळे माझे नाहीत."

ब्रिटनमध्ये तर हे काम माणसाच्या मर्जीवर सोडलेलेच नाही. तिथे लंडनला आणि बर्मिंगहॅमला 'प्रूफ हाऊस' आहेत. बर्मिंगहॅमचे १८१३ पासूनचे. तिथे जादा दाबाचे काडतूस उडवून नळीची परीक्षा घेतात आणि शिक्का मारतात. नवी नळी बसवलेली बंदूक या परीक्षेवाचून विकता येत नाही.

दोन घोळक्यांचे कोडे

एवढे सगळे साधल्यावर निशाण लागेलच, असे तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटले होते. क्लबाच्या मैदानावर ५० यार्डांवर कागद लावला. बंदूक टेकूवर, मागे आजोबा आणि नात. मी आपला दूर, दुर्बीण घेऊन. पाच गोळ्या. तीन एका जागी, दोन दीड इंच खाली. पुन्हा पाच. पुन्हा दोन घोळके. नळीचे तोंड पाहिले, कारण तोंडाच्या कडेला केसाएवढा ओरखडा असला तरी मागून येणारा वायू गोळीला एका अंगाने ढकलतो. तोंड स्वच्छ होते. माशी घट्ट होती. सहा तऱ्हेची काडतुसे आणून पाहिली. पॉइंट टू-टूची बंदूक काडतुसांच्या बाबतीत मोठी चोखंदळ असते. अव्वल नेमबाज तर एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या घाण्यांतली काडतुसे आपल्या बंदुकीतून मारून पाहतात आणि पसंतीच्या घाण्याचा साठा करतात. थोडा फरक पडला, कोडे सुटेना.

तीन आठवडे गेले. म्हातारा खचला. "नळीच वाईट आली असेल," असे ते पुटपुटू लागले, आणि मला कळत होते की त्यांना नळी म्हणायचे नाही, हात म्हणायचे आहे.

कोडे सोडवले नातीने. आजोबांनी तिला शिस्त लावली होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक कागदावर तारीख, काडतूस, हवा लिहून तो वहीत चिकटवायचा. एका संध्याकाळी ती वही घेऊन आली. "आजोबा, पाऊस पडून गेला की ती जास्त बिघडते."

आजोबांनी वही पाहिली, मग बंदुकीच्या नळीखालचे लाकूड पाहिले आणि कपाळाला हात लावला. या जातीच्या बंदुकीत पुढचे लाकूड स्क्रूने थेट नळीलाच जखडलेले असते. दमट हवेत लाकूड फुगे आणि नळीला खालून दाबे. नळी म्हणजे काही मेलेला दांडा नव्हे. गोळी सुटताना ती छेडलेल्या तारेसारखी थरथरते. तो थरथराट दर वेळी सारखा असेल तर नळीचे तोंड दर वेळी एकाच जागी असताना गोळी बाहेर पडते; गोळ्या एका ठिकाणी जातात. मधेच कोणी बोट टेकवले, की सूर बदलला!

उपाय दहा मिनिटांचा. लाकूड आतून किंचित तासले, स्क्रूखाली पातळ वॉशर घातला आणि लाकूड नळीपासून कागदभर मोकळे केले. मग स्क्रूचा पीळ थोडाथोडा बदलून पाच-पाच गोळ्या मारल्या. पाव वेढा सैल केल्यावर जी पाच भोके पडली, ती आपल्या आता बाद झालेल्या चार आण्यांच्या नाण्याखाली झाकली असती. आजोबा काही बोलले नाहीत. तो कागद त्यांनी वहीत न लावता घडी घालून पाकिटात ठेवला.

मिरजेची आठवण

मला त्या क्षणी मिरज आठवली. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर तारेखाली दोऱ्याचा जीव सरकवत असतो. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार एकदम बोलू लागते. वॉशरचे आमचे काम याहून निराळे नव्हते. आणि हा योगायोग नुसता माझ्या मनातला नाही. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, ती दुरुस्त करणारे. राज्ये गेली, तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा १९ व्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी हात सतार-तंबोऱ्याकडे वळवला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. हत्यार बदलले, बोटांतली जाण तीच.

नेम म्हणजे काय, याचे उत्तर मला त्या गॅरेजात मिळाले. नेम म्हणजे बळ नव्हे, तीक्ष्ण दृष्टीही नव्हे. नेम म्हणजे सारखेपणा. दर वेळी तेच काडतूस, तोच दाब, तोच श्वास, तोच थरथराट. चूकसुद्धा दर वेळी सारखी होत असेल तर माशी सरकवून ती दुरुस्त करता येते. लहरी माणसावर आणि लहरी बंदुकीवर मात्र इलाज नाही.

वाचकहो, हे वाचून कोणी घरच्या माळ्यावरची आजोबांची बंदूक उतरवायला जाऊ नये. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक परवान्यावाचून बाळगता येत नाही, आणि ती बनवणे, दुरुस्त करणे, तपासणे याचा धंदा करायलाही वेगळा परवाना लागतो. नळी कापून आखूड करणे हा तर परवान्यावाचून सरळ गुन्हा. मुलामुलींना नाद असेल तर रायफल क्लबात घालावे. तिथे सुरुवात छऱ्याच्या एअर रायफलने होते, तीही एकगोळीच. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, तीही आपल्याच मातीतल्या सरावातून वर आलेली. बंदुकीने मूल दांडगट होईल ही भीती बाळगू नये. एका जागी शांत उभे राहणे, श्वास आवरणे आणि वही लिहिणे, यातच त्याचा सारा वेळ जातो.

शेजारीबुवांचे पत्र मधूनमधून येते. नात क्लबाच्या मुलांच्या संघात निवडली गेली. बंदूक उत्तम चालली आहे. स्क्रूला कोणी हात लावत नाही. आणि मुलीने वहीत एक नवा रकाना आखला आहे: हवेतला दमटपणा.